पेला कोणाच्या हातात फुटतो?

डोंगरकड्यासारख्या गावी, कळमनुरी तालुक्यातल्या केळी-उसाच्या शिवारात, बार आणि नाइटक्लब यांतील पेल्यांविषयी व्याख्यान व्हावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. येथे नाइटक्लब नाही आणि तो व्हावा अशी कोणाची मागणीही नाही. परंतु विषय दिसतो तितका दूरचा नाही. विलायतेत गेली तीस-पस्तीस वर्षे असा वाद चालू आहे की, मद्यपानाच्या जागी काचेचे पेले ठेवावेत, की ते काढून त्यांच्या जागी प्लास्टिकचे द्यावेत? भांडण झाले की हातातला पेला शस्त्र होतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जन्माची खूण उमटते. म्हणून काच नको, असे एक पक्ष म्हणतो. हाच प्रश्न आज मुंबई-पुण्याच्या बारमध्ये आहे, नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या ढाब्यावर आहे, आणि थोडा वेश पालटून बसथांब्यावरच्या चहाच्या हॉटेलातही आहे.

दारू प्यावी की न प्यावी, हा आजचा प्रश्न नव्हे. त्यावर बोलणारे अधिकारी पुरुष या व्यासपीठावर होऊन गेले आहेत. आमचा संबंध पिणाऱ्याशी नसून त्याच्यापुढे पेला ठेवणाऱ्याशी, तो उचलणाऱ्याशी आणि धुणाऱ्याशी आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला एक खोड जडली आहे. कोणी ‘सुरक्षितता’ हा शब्द उच्चारला की आम्ही लगेच विचारतो, ‘कोणाची?’ पेला गिऱ्हाइकाच्या हातात फार तर अर्धा तास असतो. त्याआधी आणि त्यानंतर तो कामगाराच्या हातात असतो, आणि फुटल्यावर तर तो कोणाच्या हातात जातो याची चौकशीही कोणी करत नाही. पेल्याचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर असे दिसते की, आपल्याकडे पेला अनेकदा बदलला, प्रत्येक वेळी कोणाच्या तरी रक्षणासाठी बदलला, आणि बहुतेक वेळी धोका नाहीसा न होता एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

विटाळाची सुरक्षितता

काचेपूर्वी आपल्या घरांत धातूचे राज्य होते. पितळेचा तांब्या, फुलपात्र, पेला ही भांडी राखेने घासली आणि पाण्याने विसळली की शुद्ध झाली. कुंभाराचे मडके स्वस्त. ते विटाळले तर फोडून टाकायचे. या दोहोंच्या मध्ये काच आणि चिनी माती आली तेव्हा जुन्या शास्त्राची मोठी अडचण झाली. ही भांडी धातूसारखी घासून शुद्ध करावीत, की मातीसारखी फेकावीत? शिवाय ती आली साहेबाच्या टेबलावरून. तेव्हाच्या उच्चवर्णीयांच्या मते पेल्याचा धोका एकच, तो म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाचा.

या धोक्याचा दरारा केवढा होता हे एका प्रकरणावरून कळते. ज्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ज्यांच्या त्या रोपाची फांदी म्हणून आजच्या या मालेकडेही पाहता येईल, तेच रानडे ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या चहापानाला गेले. लोकमान्य टिळकही त्या मंडळींत होते. पाद्र्यांच्या घरच्या चहाचे कप पुढे आले. कोणी ते तोंडाला लावले, कोणी नुसते हाती घेतले. पण नावे छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत चौकशी गेली आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे वर्ष-दोन वर्षे धुमसत राहिला. खुद्द रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. एका कपाने एवढे रण माजवले!

पण रानडे-टिळकांचा कप इतिहासात आला. गावोगावच्या हॉटेलांतला दुसरा कप इतिहासात आला नाही. दलित गिऱ्हाइकासाठी वेगळा कप, बहुधा कान तुटलेला किंवा टवका गेलेला. तो बाहेर खुंटीला किंवा वळचणीला. पिणाऱ्याने तो स्वतःच विसळायचा आणि पुन्हा तेथेच ठेवायचा. ही रीत आपल्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे आणि कित्येकांनी सोसली आहे. टवका गेलेल्या कपाने ओठ कापतो, हे मालकाला कळत नव्हते असे नाही. पण ज्याच्या ओठाची गणतीच नाही त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघतो कोठे?

१९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. लोकशाहीच्या कायद्याला कपबशीपर्यंत खाली उतरावे लागले, यात कायद्याचा कमीपणा नाही. कपबशीत विष कोठवर मुरले होते, त्याचा तो पुरावा आहे. पेल्याचा इतिहास सांगताना हे प्रकरण वगळता येत नाही, कारण पुढे प्लास्टिकच्या पेल्यापाशी ते पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

स्वदेशी काच

काचेचा पेला सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो परदेशी मालामुळे, आणि त्या मालाला उत्तर द्यावे ही ईर्षा स्वदेशीच्या चळवळीने दिली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून पैसा पैसा जमवण्याची कल्पना काढली आणि लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे कारागीर तयार केले. पुढे १९१६ साली कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि ओगलेवाडी हे नाव प्रभाकर कंदिलासह घरोघर पोचले. वीज नसलेल्या काळात आपल्या कित्येक पिढ्यांनी अभ्यास केला तो त्या कंदिलाच्या काचेआडच्या ज्योतीवर.

ही काच होते कशी आणि फुटते का, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला वितळवली की काचेचा रस होतो. फुंकनळीने फुंकून किंवा साच्यात दाबून त्याचा पेला करतात. तो तसाच उघड्यावर निवला तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला मागाहून आक्रसतो, आणि दोघांची ओढाताण काचेत कोंडून राहते. असा पेला कधी कधी कोणी हात न लावताही तडकतो. म्हणून तो भट्टीत सावकाश निववावा लागतो. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. असा पेला टिकतो, पण फुटला की त्याचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात.

दुसरी रीत याच्या उलट आहे. तयार पेला पुन्हा सहाशे अंशांच्या वर तापवून त्यावर चोहोबाजूंनी गार हवेचा झोत सोडायचा. मग वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि काच कित्येक पटींनी बळकट होते. फुटलीच तर तिचा बारीक खड्यांसारखा चुरा होतो. मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांना हीच काच असते. बाजारात तिला टफन्ड काच म्हणतात. मात्र ही क्रिया नेटकी झाली पाहिजे. अर्धवट झाली तर पेला बळकट दिसतो आणि दगा देतो. ओगलेवाडीच्या कंदिलाची काच ज्योतीची धग आणि बाहेरचा गारवा एकाच वेळी सोसत होती, ती कारागिराच्या सचोटीवर. वस्तूची सुरक्षितता तिच्या नावात नसते; ती करणाऱ्याच्या हातात असते.

मोरीवरचा पोऱ्या

आता हॉटेलच्या पुढच्या दाराने आत शिरून मागच्या दाराशी येऊ. पुढे गल्ला, मध्ये टेबले, आणि सर्वांत मागे मोरी. मोरीवर एक घमेले, एक टाके आणि त्यात बुडवलेले पन्नास-साठ ग्लास. पाणी गढूळ झालेले, वर साबणाचा फेस. त्यामुळे तळाला कोणता ग्लास तडकला आहे ते दिसत नाही. हात घातला की कळते. एका हाताच्या पाच बोटांत पाच ग्लास अडकवून उचलण्याची जी कला गिऱ्हाइकाला कौतुकाची वाटते, तिच्यात एक ग्लास दुसऱ्यावर आपटून कडेचा टवका उडतो, आणि तो टवका दुसऱ्या दिवशी धुणाऱ्याच्या अंगठ्यात सापडतो. पावसाळ्यात पाण्याने आधीच पांढऱ्या पडलेल्या बोटांवर ही चीर आठ-आठ दिवस मिटत नाही.

हे हात पुष्कळदा लहान मुलांचे होते. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले आणि उपाहारगृहे येथे कामाला ठेवण्यास केंद्र सरकारने बंदी घातली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी, घरच्या उद्योगासारखे अपवाद सोडता, सर्वच कामांना लागू झाली. ‘बारक्या’ हे हॉटेलातल्या पोराचे नावच पडून गेले होते, यावरून त्याचे वय काय असे हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला दिसत नाही. ग्लास फुटला की त्याची किंमत पगारातून कापायची, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीबद्दल कपात करण्याची मुभा होती. पण वस्तू कामगाराच्या खास ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, अशा अटीही होत्या. मोरीवरच्या पोराचे म्हणणे कोण ऐकून घेतो? एका जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलात आम्ही हिशेबाची वही पाहिली. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे ‘फूट’ म्हणून एक आकडा होता आणि तो सगळ्यांना सारखाच वाटून लावला होता. कोणी फोडले याला महत्त्व नव्हते. मालकाचे भरून निघाले की झाले.

याचा परिणाम काय होतो तो ध्यानात घ्यावा. ग्लास फुटला की पोरगा आधी इकडेतिकडे पाहतो. मालकाचे लक्ष नसेल तर केरसुणी आणायला जात नाही, कारण केरसुणीचा आवाज होतो आणि विचारणा होते. तो खाली वाकतो, उघड्या हाताने तुकडे गोळा करतो आणि फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर टाकतो. हात कापतो तो ग्लास फुटल्यामुळे नव्हे, तर फुटलेला ग्लास लपवावा लागल्यामुळे. दंडाची वही काढून टाकली तर निम्म्या जखमा तेथेच थांबतील, अशी आमची खात्री आहे. आणि त्यासाठी ना प्लास्टिक लागते, ना टफन्ड काच.

या जखमेची नोंद तरी कोठे होते काय? १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा हा आपल्या देशातला या विषयावरचा पाया. त्यात अशी अट होती की, ठराविक दिवसांहून अधिक काळ माणूस कामाला अपात्र झाला तरच मालकावर जबाबदारी येते. १९५९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीन दिवसांवर आणली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच उतरली आहे. बोट कापले, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरीवर, ही जखम तीन दिवसांच्या चाळणीतून गळून पडते. वर्षभरात अशा पंधरा जखमा झाल्या तरी कायद्याच्या दप्तरी त्या शून्यच. मग बारमध्ये पेल्याने जखमी झालेल्यांची यादी करू म्हटले तर तीत कोण येणार? भांडणात डोके फुटलेला गिऱ्हाईक येईल, कारण त्याची पोलिसात फिर्याद होते. धुणारा येणार नाही.

विलायतेचा अनुभव

आपल्याकडे मद्यपानगृहाला ‘परमिट रूम’ म्हणतात, ते १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे. कायद्याने पिण्याला परवाना लागतो, म्हणून परवानाधारकांची खोली. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. परमिट रूममध्ये लोक टेबलाशी बसून पितात आणि बाटली टेबलावरच असते. विलायतेच्या पबमध्ये गर्दी उभी असते; हातात मोठा पेला, आणि खांद्याला खांदा लागतो. म्हणून तिकडचा प्रश्न पेल्याचा आहे आणि आपल्याकडचा पेल्याइतकाच बाटलीचा. पेला बदलला आणि बाटली तेथेच ठेवली, तर तो अर्धा उपाय झाला.

तिकडे या प्रश्नाला वळण दिले ते कार्डिफ शहरातल्या जोनाथन शेपर्ड नावाच्या शल्यचिकित्सकाने. फाटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या ध्यानात आले की, इस्पितळात येणाऱ्या मारहाणीच्या पुष्कळ जखमा पोलिसांच्या दप्तरी नसतातच. त्यांनी इस्पितळाच्या नोंदी गोळा करून पोलिस आणि नगरपालिका यांच्यापुढे ठेवण्याची पद्धत घालून दिली. आधी मोजा, मग बोला, हा त्यांचा बाणा. १९९० नंतरच्या दशकात तिकडे टफन्ड काचेचे पेले येऊ लागले तेव्हा सर्वांना वाटले, प्रश्न सुटला.

शेपर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी तेही मोजायचे ठरवले. ५७ बारमधले बाराशेहून अधिक कामगार घेतले. काही ठिकाणी साधे पेले दिले, काही ठिकाणी टफन्ड, आणि सहा महिने कामगारांच्या जखमा नोंदल्या. २००० साली निष्कर्ष छापून आला तो सर्वांना बुचकळ्यात टाकणारा होता. जेथे ‘सुरक्षित’ पेले दिले होते तेथेच कामगारांच्या जखमा अधिक निघाल्या. कारण शोधता असे दिसले की, ते पेले नावाला टफन्ड होते. त्यांच्यावरची क्रिया नीट झालेली नव्हती आणि साध्या पेल्यांपेक्षाही ते कमी आघात सोसत होते. कामगारांचे हात मोजले नसते तर हे कधीच उघडकीला आले नसते. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आणलेली वस्तू पेले भरणाऱ्याला आणि धुणाऱ्याला कापत राहिली असती आणि सर्वजण समाधानात राहिले असते.

दुसरा अनुभव स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. तेथल्या परवाना मंडळाने २००६ साली शहरातल्या नाइटक्लबांतून काचेचे पेले हटवण्याचे पाऊल उचलले. पुढे संशोधकांनी तेथे बसून रात्री-रात्री निरीक्षण केले. प्लास्टिकचे पेले आले म्हणून भांडणे थांबली नव्हती. दारू तीच, माणसे तीच, गर्दी तीच. पण भांडणातून होणाऱ्या इजेचा धोका कमी झाला होता. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि तो आम्ही मान्य करतो. चेहऱ्यावर काच बसण्यापेक्षा प्लास्टिक बसणे केव्हाही बरे. मात्र एक बारकावा विसरू नये. या वादात ज्या प्लास्टिकचा विचार झाला त्यात पॉलिकार्बोनेट प्रमुख आहे. ते जाड असते, धुऊन पुन्हा वापरता येते. आपल्याकडे प्लास्टिकचा ग्लास म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, ते हे नव्हे.

आपल्याकडे प्लास्टिक आले ते कशासाठी?

आपल्याकडे फेकायचा प्लास्टिकचा ग्लास लग्नात आला, सभेत आला, टपरीवर आला, ढाब्यावर आला. तो कोणाच्या सुरक्षिततेसाठी आला नाही. तो दोन गोष्टी वाचवण्यासाठी आला. एक पाणी आणि दुसरी धुणाऱ्याची मजुरी. मराठवाड्याला पाण्याचे दुःख सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या हॉटेलवाल्याला शंभर ग्लास धुण्यापेक्षा शंभर ग्लास फेकणे स्वस्त वाटले, तर त्या एकट्याला दोष देऊन भागणार नाही. पण धुणाऱ्याचा रोजगार गेला तो गेलाच. काचेने त्याचे बोट कापले होते; प्लास्टिकने त्याचे काम कापले.

सोय मोठी, तिचा परिणामही मोठा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हा नाले-गटारांत तुंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या, कप, ग्लास यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षेची चढण ठेवली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही अशा वस्तूंवर देशभर बंदी आणली. म्हणजे आपल्या राज्यात ‘काचेऐवजी फेकायचे प्लास्टिक’ हा पर्याय कायद्यानेच बंद केला आहे. बंदी किती पाळली जाते हे आपण आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतोच.

येथेच तो जुना कप आपल्याला पुन्हा भेटतो. फेकायचा ग्लास वरवर समतेचा दिसतो. सर्वांना सारखाच, कोणाचा उष्टा कोणाला नाही. पण तो सर्वांना दिला तरच समतेचा. काहींना काचेचा आणि काहींना फेकायचा, असा भेद केला की खुंटीवरचा कप नव्या वेशात परत आला. दक्षिणेकडच्या काही राज्यांतून असा प्रकार घडल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत. कायद्याला खुंटीवरचा कप पकडता येत होता, कारण तो रोज तेथेच लटकत असे. फेकलेल्या कपाचा पुरावा सायंकाळी कचऱ्यात जातो. म्हणून नव्या वस्तूचे स्वागत करताना, ती कोणाला देतात आणि कोणाला देत नाहीत, इकडेही डोळा असावा.

फुटल्यावर कोठे जातो?

काचेचा पेला फुटल्यावर त्याचा प्रवास संपत नाही. तुकडे कचऱ्याच्या डब्यात जातात. डबा गाडीत, गाडी डेपोत. वाटेत प्रत्येक ठिकाणी कोणाचा तरी हात त्या ढिगाऱ्यात जातो. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पाठिंब्याने. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावातच सगळा इतिहास आहे. ज्या वस्तू आपण टाकतो त्यांची नावे या बायकांनी मानाने आपल्या पाटीवर लावली. काच त्यांच्या पोटाची भाकर आहे, कारण ती विकली जाते आणि भट्टीत वितळून पुन्हा काच होते. आणि तीच काच त्यांच्या हातापायांची वैरीही आहे. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. तेव्हापासून कचरा घरातूनच वेगळा करून हाती द्या, हा आग्रह त्यांनी धरला. वेगळा दिलेला कचरा ही त्यांच्या दृष्टीने नुसती टापटीप नव्हे. तो त्यांच्या बोटांचा विमा आहे.

प्लास्टिकचा पातळ ग्लास कापत नाही हे खरे. पण तो चुरगळला, खरकटा झाला की वेचणारीलाही परवडत नाही, कारण वजन भरत नाही. तो ओढ्यात जातो, गुरांच्या पोटात जातो, नाहीतर शेकोटीत जळून धूर होतो. काचेचा धोका एका बोटाला दिसतो. प्लास्टिकचा धोका सगळ्या गावात पसरतो, म्हणून दिसत नाही, एवढाच फरक.

मग करावे काय?

एवढा इतिहास पाहिल्यावर नुसते ‘हेही खरे, तेही खरे’ म्हणून उठणे आम्हाला जमणार नाही. आमचे मत आम्ही स्वच्छ सांगतो.

जेथे गर्दी उभी राहून पिते, नाचते, जेथे रात्र चढते तसा आवाज चढतो, तेथून काच हटवावी. आणि पेल्याबरोबर बाटलीही गिऱ्हाइकाच्या हातातून हटवावी. पण काचेच्या जागी फेकायचे प्लास्टिक आणू नये. पुन्हा पुन्हा धुता येईल असा जाड पेला आणावा. पॉलिकार्बोनेटचाच हवा असा हट्ट कशाला? आपल्याकडे त्याहून जुना आणि अनुभवाचा पर्याय आहे, तो म्हणजे पोलादाचा. आपल्या भाषेने तर हा वाद केव्हाच मिटवला आहे. ‘ग्लास’ हा शब्द मुळात काचेचा. पण आपली आजी ‘स्टीलचा गलास’ म्हणते आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. तो फुटत नाही, विसळायला घोटभर पाणी पुरते, मोडीतही किंमत येते, आणि त्याच्या ‘फुटी’ची वही ठेवावी लागत नाही. पिणाऱ्याला रंग दिसत नाही ही त्याची तक्रार असेल, तर ती बोट कापण्याहून मोठी नाही.

जेथे लोक टेबलाशी शांतपणे बसतात, तेथे काच राहू द्यावी. मात्र ती परीक्षेला उतरलेली, नावाची नव्हे तर कामाची टफन्ड असावी. टवका गेलेला पेला त्याच दिवशी बाद करावा.

आणि पेला कोणताही असो, तीन गोष्टी आधी व्हाव्यात. पहिली, फुटीची कपात बंद. दुसरी, मोरीवर जखमांची वही. कितीही लहान चीर असो, तारखेसह लिहावी आणि वर्षाअखेर ती मालक व कामगार यांनी एकत्र बसून वाचावी. आज जेथे दंडाची वही आहे तेथे उद्या जखमेची वही असावी. कागद तोच, शाई तीच, फक्त मोजायचे काय ते बदलायचे. तिसरी, फुटलेल्या काचेसाठी निराळा पत्र्याचा डबा आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘काच’. या तिन्हींना मिळून जो खर्च येईल तो एका दिवसाच्या गल्ल्यापुढे काहीच नाही.

हे नियम मुंबईच्या क्लबांत कधी येतील ते येवोत. डोंगरकड्याच्या चहाच्या हॉटेलात ते उद्या सकाळपासून सुरू करता येतील, आणि त्यासाठी कोणत्याही परवाना मंडळाची वाट पाहावी लागणार नाही. आपण गिऱ्हाइके आहोत. चहा घेऊन झाल्यावर मोरीकडे एकदा नजर टाकणे आणि तेथल्या माणसाच्या बोटांना चिंधी का बांधली आहे असे मालकाला विचारणे, एवढे तर आपल्या हातात आहे.